आमची वाटचाल: कनातीच्या बोळापासून मारबतीपर्यंत

मंडपवाल्याचा मुलगा व्हीआर कलेची, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आत शिरून बघायच्या चित्रांची, दालनं कशी बांधू लागला, असं लोक विचारतात. बाबा नागपूरच्या महाल भागात गणपतीचे देखावे उभारायचे. दर्शनाला आलेल्या माणसाला ते आधी कनातीच्या अंधाऱ्या बोळातून दोन वळणं चालवायचे आणि मग एकदम मूर्तीसमोर आणायचे. लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये रॉबर्ट बार्करने १७९३ साली पॅनोरामाची, म्हणजे चहूबाजूंनी वेढणाऱ्या चित्राची, गोल इमारत उघडली. तिथेही प्रेक्षकांना अंधाऱ्या वाटेनेच आत नेत, हे मी पुष्कळ नंतर वाचलं. डोळ्यांतलं ऊन उतरायला वेळ द्यावा लागतो, आणि नागपूरच्या उन्हाला तर जरा जास्तच. म्हणून आमच्या आराखड्यात आधी बोळ येतो, मग हेडसेट.

२०१६ मध्ये एचटीसी वाइव्ह हा हेडसेट आला तेव्हा आम्ही दोघंच होतो, मी आणि सुतारकाका. बेस स्टेशन, म्हणजे हेडसेटला आपली जागा कळावी म्हणून उंचावर लावायची यंत्रं, मंडपाच्या सांगाड्यावर बसवली की लोकांच्या चालण्याने ती थरथरायची आणि चित्र डुलायचं. काकांनी सिमेंट भरलेल्या डब्यांत खांब रोवले, ओळंबा लावून, भिंतीपासून सुटे. काथ्याची कडही त्यांचीच. गालिच्याभोवती हातभर रुंद काथ्याची पट्टी. हेडसेट चढवलेल्या माणसाला भिंत दिसत नाही, पण अनवाणी पायाला काथ्या टोचला की तो आपणहून थांबतो. कड जवळ आली की सॉफ्टवेअर दाखवतं ती इशाऱ्याची जाळी समोर येऊन चित्र बिघडवते, काथ्या बिघडवत नाही.

मग तो मे महिना आला. पश्चिमेच्या खिडक्यांवर आम्ही दुहेरी काळं कापड ठोकलं होतं. दुपारी आम्ही जेवायला गेलो आणि आयोजकांच्या माणसांनी पाहुण्यांच्या फोटोसाठी ते कापड उतरवलं. टेबलावर चार हेडसेट उताणे पडलेले. भिंग ते भिंगच, ऊन गोळा करून थेट आतल्या पडद्यावर टाकतं. परतलो तेव्हा चारही पडद्यांवर पिवळे डाग पडले होते. मी एकेक डोळ्याला लावून पाहिला. प्रत्येकात तोच डाग, नजरेच्या बरोबर मध्यावर.

नुकसान आमच्याच माथी मारलं आणि अख्खं बिल अडवलं. कापड कोणी काढलं हे सगळ्यांना ठाऊक होतं, बोललं कोणी नाही. मी टेम्पो विकला. त्याच आठवड्यात आमच्याकडे शिकलेला एक मुलगा आमचा आराखडा घेऊन गेला आणि पुढचं काम कमी दरात उचललं. आराखड्यावर आमचं नाव नव्हतं, पण प्रत्येक माप काकांच्या हातचं होतं. हे मी विसरलेलो नाही. २०२० मध्ये क्वेस्ट २ हा नवा हेडसेट आला. तो स्वतःच्या कॅमेऱ्यांनी खोली ओळखतो, त्याला साध्या काळ्या भिंती चालत नाहीत. त्या मुलाने मात्र तोच जुना काळा आराखडा वापरला, आणि त्याच्याकडची चित्रं जागा सोडून भरकटू लागली. आम्ही भिंतींवर टेपच्या वेड्यावाकड्या पट्ट्या मारतो आणि मंद उजेड ठेवतो.

नवीन मुलांना सांगतो, हेडसेट ठेवताना भिंगं खाली आणि वर कापड. आठ मिनिटांच्या कलाकृतीला चढवण्या-उतरवण्याची दोन मिनिटं धरा. म्हणजे एका हेडसेटवर तासाला सहा माणसं, सातवं नाही. उद्घाटनाला दोनशे लोक बोलावण्याआधी हा हिशेब आयोजकांकडून सही करून घ्या.

टेम्पो विकला त्या दिवसांत धरमपेठेतल्या एका चित्रकार ताईंनी न मागता आगाऊ रक्कम दिली. म्हणाल्या, "दालन तुम्हीच बांधायचं, मी थांबते." आजही त्यांचं प्रत्येक काम आमच्याकडेच असतं. पहिलं काम होतं मारबतीचं, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवणुकीने निघणाऱ्या भल्यामोठ्या पुतळ्यांचं. इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ काळी आणि पिवळी मारबत समोरासमोर येतात, आणि त्या कलाकृतीत बघणारा लहान पोराच्या उंचीवरून वर बघतो. वर बघताना माणूस हमखास मागे सरकतो. दोन बाय दोन मीटरच्या ठरलेल्या मापात ते बसेना. म्हणून उभं राहायची खूण आम्ही दोन फूट पुढे घेतली.

पहिल्याच दिवशी एक आजी आल्या. मान वर करत, मागे सरकत त्यांची टाच काथ्याला लागली. त्या थांबल्या. हेडसेट काढला नाही, दोन्ही हात जोडले आणि पुटपुटल्या, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत." संध्याकाळी काकांनी मापाचा टेप काढला आणि मागची पट्टी आणखी वीतभर मागे नेली.