हे खरे आहे काय?

विधिमंडळाचं अधिवेशन जवळ आलं की मला अजूनही रात्री मधेच जाग येते, रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी. मी एका सरकारी खात्यात कक्ष अधिकारी होते. अधिवेशनाचे दिवस म्हणजे रात्रीची शेवटून दुसरी-तिसरी लोकल पकडून घरी आणि सकाळी परत टेबलावर. आमदारांचे तारांकित प्रश्न, अतारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, त्यात जिल्ह्याला फोन करून करून घसा बसलेला, 'अहो माहिती पाठवा, उद्या प्रश्न लागलाय'. ज्यांनी हे काम केलंय त्यांना ती भाषा झोपेतही म्हणता येईल: 'हे खरे आहे काय', 'असल्यास', 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत'. आणि आमची उत्तरं: 'होय', 'अंशतः खरे आहे', 'प्रश्न उद्भवत नाही'.

मागच्या महिन्यात भाचा आला होता, तो गुप्तचर संस्थांवर बरंच वाचतो. मी हे सगळं सांगत होते तर म्हणाला, मावशी, सीआयएमध्येपण, म्हणजे अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेत, तुझ्यासारखं टेबल आहे. मला वाटलं चेष्टा करतोय. मग त्याने दिलेलं वाचत गेले, आणि इतकं ओळखीचं वाटलं की आज लिहायलाच बसले.

तिथे सीआयएचं खास एक ऑफिस आहे, त्याचं काम फक्त काँग्रेस, म्हणजे त्यांची संसद, सांभाळणं. एजन्सी १९४७ मध्ये स्थापन झाली, आणि सुरुवातीच्या काळात हे काम वॉल्टर फोर्झायमर नावाचा एक वकील बघायचा, दुर्मिळ पुस्तकं जमवणारा माणूस. तेव्हा सगळं सोपं होतं, कारण विचारणारेच मोजके होते. दोन-चार ज्येष्ठ कमिटी अध्यक्ष, त्यांना अधूनमधून भेटायचं, बजेट मंजूर करून घ्यायचं, आणि त्यातल्या काहींना तर जास्त ऐकायचंच नसायचं. १९७४ च्या डिसेंबरात पेपरात आलं की एजन्सी आपल्याच नागरिकांवर पाळत ठेवत होती, मग सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीची चौकशी झाली, आणि १९७६ मध्ये सिनेट या वरिष्ठ सभागृहाची, १९७७ मध्ये कनिष्ठ सभागृहाची अशा कायमच्या गुप्तचर समित्या आल्या. १९८० च्या कायद्याने तर बांधूनच घातलं की समित्यांना पूर्ण आणि वेळच्या वेळी माहिती द्यायची.

आता रोजचं काम बघा. समितीच्या स्टाफचा फोन येतो, अमुक विषयावर ब्रीफिंग हवंय. त्या विषयाचा माणूस शोधायचा, त्याला काय बोलायचं काय नाही ते समजावायचं, बंद खोलीत घेऊन जायचं जिथे मोबाईल बाहेर ठेवावा लागतो. सुनावणीला डायरेक्टर पुढे बसतो आणि त्याची माणसं मागच्या खुर्च्यांवर, आमच्याकडे अधिकारी गॅलरीतून मंत्र्यांना चिठ्ठी जायची ना, तसंच. सुनावणी संपली की सदस्य लेखी प्रश्न पाठवतात, त्यांची उत्तरं तयार करायची, प्रत्येक खात्याकडून फिरवून आणायची, आणि एकही शब्द इकडचा तिकडे झाला तर गळ्याशी येतं. मला सगळ्यात जवळचं वाटलं ते हे, की खासदारापेक्षा त्याच्या स्टाफमधल्या माणसाशी रोजचं बोलणं असतं आणि भरवसा तिथेच मिळतो किंवा जातो.

जातो कसा ते १९८४ चं उदाहरण सांगतं. निकाराग्वाच्या बंदरांत सुरुंग पेरले गेले, त्यामागे सीआयए होती. डायरेक्टर विल्यम केसी म्हणाले की आम्ही समितीला सांगितलं होतं. सांगितलं होतं म्हणजे काय, तर एका लांबलचक साक्षीत मधेच एक वाक्य. समितीचे अध्यक्ष बॅरी गोल्डवॉटर हे सरकारच्याच पक्षाचे, एजन्सीचे मित्र, त्यांनी संतापून पत्र लिहिलं, उपाध्यक्ष मोयनिहान यांनी पद सोडायचं जाहीर केलं, शेवटी केसींना माफी मागावी लागली.

हे वाचून मी थांबले. कारण असं वाक्य मी स्वतः लिहिलंय. एका योजनेचा पैसा दुसरीकडे वळवला होता, आणि मी ती गोष्ट उत्तरात न लिहिता परिशिष्टाच्या एका तक्त्यात टाकली होती, वरिष्ठांनी सांगितलं म्हणून. खोटं काहीच नव्हतं. पण ज्या आमदाराने विचारलं होतं त्याला कळलं नाही, आणि कळू नये हाच हेतू होता. मला आजही त्याची लाज वाटते.

भांडणं पुढेही झाली. १९८६ मध्ये अमेरिकी सरकारने इराणला गुपचूप शस्त्रं विकल्याचं त्यांच्याच संसदेला लेबनॉनमधल्या एका मासिकामुळे कळलं. २०१४ मध्ये तर सिनेटची समिती कैद्यांच्या छळाचा तपास करत असताना सीआयएच्या लोकांनी समितीच्या स्टाफच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून बघितलं, डायरेक्टर ब्रेनन यांनी आधी नाकारलं आणि काही महिन्यांनी माफी मागितली. म्हणजे तिथे सगळं छान आहे असं अजिबात नाही. पण माफी मागायला समोर कोणीतरी होतं.

आपल्याकडे कोण आहे? देशातलं बघणारी गुप्तचर संस्था आयबी १८८७ पासूनची, परदेशातलं बघणारी रॉ १९६८ ची, आणि दोन्हींपैकी एकही संसदेच्या कायद्याने स्थापन झालेली नाही. त्यांच्यावर लक्ष ठेवणारी संसदीय समिती नाही. माहिती अधिकारातूनही या संस्था बाहेर आहेत, भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे आरोप सोडून. २०११ मध्ये खासदार मनीष तिवारींनी या संस्थांना कायद्याच्या चौकटीत आणणारं खासगी विधेयक आणलं होतं, ते पुढे गेलंच नाही. अशी समिती झाली तर देशाची गुपितं चव्हाट्यावर येतील असं लोक म्हणतात, पण अमेरिकेत चाळीस-पन्नास वर्षं बंद खोलीत चाललंय ना. ती खोली कशासाठी असते मग?

मुंबईत राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न कागदावरचा वाटत नाही. ९/११ नंतर अमेरिकेत दोन्ही सभागृहांच्या गुप्तचर समित्यांनी मिळून चौकशी केली, एजन्सींना बोलावून विचारलं की तुम्हाला काय माहीत होतं आणि कोणाला सांगितलं नाही. त्या अहवालातली २८ पानं २०१६ पर्यंत झाकून ठेवली होती, तरी चौकशी झाली. आपल्याकडे २६/११ ला १६६ माणसं गेली, त्यावर संयुक्त संसदीय समिती बसलीच नाही. राज्याने राम प्रधान समिती नेमली, त्यात रॉमधून निवृत्त झालेले बालचंद्रन होते, पण तिचा विषय मुंबई पोलिसांचा प्रतिसाद एवढाच. समुद्रातून हल्ला होऊ शकतो अशा सूचना आधी आल्या होत्या. दिल्लीतल्या संस्थांनी त्या कशा हाताळल्या, पुढे कोणाला पाठवल्या, पाठवल्यावर पाठपुरावा केला का, हे लोकांनी निवडून दिलेल्या एकाही माणसाने समितीत बसून अधिकाराने विचारल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

भाचा म्हणाला, समज उद्या अशी समिती झाली, पहिला प्रश्न काय लिहशील? मी कागद घेतला, हाताला सवय आहे. (१) नोव्हेंबर २००८ पूर्वी समुद्रमार्गे हल्ल्याबाबत सूचना प्राप्त झाल्या होत्या, हे खरे आहे काय, (२) असल्यास, त्या कोणत्या दिनांकास कोणाकडे पाठविण्यात आल्या, (३) त्यावर कोणती कार्यवाही करण्यात आली, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?