किंग्समिलची मिनीबस

आज चाकणहून कोथरूडला परतताना कंपनीच्या बसमध्ये उत्तर आयर्लंडमधील किंग्समिल हत्याकांडाविषयी वाचले. ५ जानेवारी १९७६ रोजी कापड कारखान्यातून घरी निघालेल्या कामगारांची मिनीबस बंदूकधाऱ्यांनी अडवून त्यांच्यात कॅथलिक कोण, असे विचारले, तेव्हा आता त्यालाच मारणार या समजुतीने प्रोटेस्टंट सोबत्यांनी त्या एकट्या सहकाऱ्याला गप्प राहण्याची खूण केली. (इथे मला पुढे वाचवेना.) त्याला पळून जायला सांगून उरलेल्या ११ जणांवर गोळ्या झाडण्यात आल्या, १० मेले. आदल्या दिवशी प्रोटेस्टंट निमलष्करी टोळीने दोन कॅथलिक घरांवर केलेल्या हल्ल्यांत ६ जणांचा बळी गेला होता, त्याचा सूड या निरपराध कामगारांवर उगवला गेला. शेजारी डुलक्या घेणारा माझा सहकारी दुसऱ्या धर्माचा आहे. तो उतरेपर्यंत मी त्याच्याकडेच पाहत राहिलो.