भोपाळला एसएसबी आणि घरी कॅप राउंड, दोन्ही एकाच आठवड्यात

एनडीएसाठीची, म्हणजे खडकवासल्याच्या सैनिकी ऑफिसरांच्या अकॅडमीसाठीची, माझी एसएसबी (लेखीनंतरची पाच दिवसांची निवड मुलाखत) भोपाळला लागली आणि त्याच आठवड्यात इकडे इंजिनिअरिंगच्या कॅपचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, दुसरा राउंड. सेंटरवर पोचलं की मोबाईल जमा करायला लागतो हे माहीत होतं, म्हणून निघायच्या आदल्या रात्री सिमकार्ड काढून ताईच्या फोनमध्ये टाकलं, कारण ओटीपी त्याच नंबरवर येणार. शिवाय वहीच्या पानावर लिहून दिलं की कुठलं कॉलेज लागलं तर फ्रीझ करायचं (तीच सीट पक्की), कुठलं लागलं तर नॉट फ्रीझ (पुढच्या राउंडला आणखी वरचं बघायचं), सीट अ‍ॅक्सेप्टन्सचे 1000 रुपये कुठल्या खात्यातून भरायचे. ज्यांच्या तारखा अशा एकमेकांवर येतात त्यांनी एवढं तरी कराच. आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर सीट आपोआप फ्रीझ होते, त्यामुळे यादीतलं पहिलं नाव घाईत टाकू नका.

आता बरेच जण विचारतात, एनडीए करायचंय ना मग इंजिनिअरिंगचा फॉर्म भरलासच कशाला, त्यानं मन दोन्हीकडं राहतं. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. लेखी 900 मार्कांची, एसएसबी 900 ची, दोन्ही मिळून 1800 वर मेरिट लागतं आणि जागा साधारण 400. एसएसबीतून रेकमेंड झालेली, मेडिकलला फिट असलेली पोरं मेरिट लिस्टमध्ये नाव नाही म्हणून घरी बसतात, हे मी जवळून बघितलंय. त्यात एप्रिलच्या पेपरची बॅच सुरू होते पुढच्या जानेवारीच्या आसपास. बारावीनंतरचे एवढे महिने नुसतं पोस्टमनची वाट बघत काढायचे का? आणि अभ्यास काही पूर्ण वेगळा नव्हता, एनडीएचा मॅथ्सचा पेपर 300 मार्कांचा असतो. जेईईचं तर उलटंच आहे, केरळातल्या एळिमलाच्या नेव्हल अकॅडमीची बीटेक एंट्री जेईई मेनच्या रँकवरच एसएसबीला बोलावते, आर्मीच्या टीईएस या बारावीनंतरच्या टेक्निकल एंट्रीलाही जेईई मेन आणि पीसीएमला 60 टक्के लागतात. म्हणजे इंजिनिअरिंगचा म्हणून दिलेला पेपरच ऑफिसर व्हायचं आणखी एक दार उघडतो, हे आमच्या वर्गात निम्म्या पोरांना माहीत नव्हतं.

सातारहून भोपाळला गोवा एक्सप्रेस थेट जाते. अण्णा स्टेशनवर सोडायला आलेले, जास्त काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले "जे आहे ते सांग, बनवून काय सांगू नको". पहिला दिवस स्क्रीनिंगचा, संध्याकाळपर्यंत निम्म्याहून जास्त पोरं बॅगा उचलून परत गेली. दुसऱ्या दिवशी सायकॉलॉजी, 60 शब्द, एका शब्दाला 15 सेकंद, त्यात वाक्य लिहायचं, हात इतका दुखतो की नंतर जेवताना चमचा धरवत नाही.

इंटरव्ह्यूच्या आधी डॉर्मिटरीत सगळ्यांचा एकच सल्ला, इंजिनिअरिंगचं नाव काढू नकोस, कमिटमेंट कमी आहे असं वाटेल त्यांना. आणि नेमका सरांनी तोच प्रश्न विचारला, सिलेक्शन नाही झालं तर काय करणार. दोन सेकंद गेले असतील. मला अण्णांचं बोलणं आठवलं आणि मी सरळ सांगितलं की सर, कॅप राउंड चालू आहे, आज मोठी बहीण घरून बघतीये, मेकॅनिकल लागलं तर घेणार आणि सेकंड अटेम्प्ट पण देणार. त्यांनी पुढं विचारलं मेकॅनिकलच का, मग मी आमच्या गावातल्या ऊस तोडणीच्या मशीनबद्दल बोलायला लागलो, त्याची ब्लेड कशी झिजते, दुरुस्तीला माणूस तालुक्याहून यायला दोन दिवस लागतात, आणि सर मन लावून ऐकत होते. तो फॉर्म भरलाच नसता तर मी तिथं इतका निवांत बसलो असतो असं मला वाटत नाही.

पाचव्या दिवशी रेकमेंड झालेल्यांमध्ये माझा चेस्ट नंबर वाचला. मेडिकल संपवून मोबाईल हातात आल्यावर ताईला फोन लावला तर तिचीच गडबड, "अरे सरकारी कॉलेज लागलं, मेकॅनिकल, फ्रीझ केलं मी!" तिचं बोलून झाल्यावर मी माझं सांगितलं. मग फोन आईकडं गेला आणि आईला बोलताच येईना.

एक सेमिस्टर मनापासून केलं. पैशाचं मात्र आधीच बघून ठेवा, कारण कट-ऑफ तारखेच्या आत अ‍ॅडमिशन रद्द केली तर 1000 रुपये कापून फी परत मिळते, त्यानंतर डिपॉझिट सोडून काही मिळत नाही, आणि आपलं जॉइनिंग लेटर येतं त्याच्या कितीतरी नंतर. म्हणूनच मी नावाजलेल्या प्रायव्हेटपेक्षा कमी फीचं सरकारी वर टाकलं होतं. एलसी पण ओरिजिनल कॉलेजात जमा असते, ती परत काढायला मला तीन चकरा आणि एक पूर्ण दिवस काउंटरपुढं उभं राहायला लागलं, तेव्हा मेरिट लिस्टमध्ये नाव दिसलं की त्याच दिवशी अर्ज द्या, लेटरची वाट बघू नका.

एनडीएच्या फॉर्ममध्ये मी नेव्ही पहिली टाकलेली, ती मिळाली. म्हणजे तीन वर्षं खडकवासला, मग एक वर्ष एळिमला, आणि शेवटी डिग्री बीटेकच. आईला हे चार वेळा समजावून सांगितलं तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

परवा हॉस्टेल सोडलं. मिनी ड्राफ्टर आणि वर्कशॉपचा अ‍ॅप्रन रूममेटला दिला, त्याचा ड्राफ्टर मोडलेला. तो म्हणाला थांब ना आजची रात्र, शेवटच्या शीटचं आयसोमेट्रिक येत नाहीये. थांबलो. अडीच वाजेपर्यंत बसलो दोघं, त्यानं स्वतःच्या हातानं शीट पूर्ण केली, आणि सकाळची पहिली एसटी धरून मी घरी आलो, एनडीएला न्यायच्या काळ्या ट्रंकेवर नाव रंगवायचं अजून राहिलंय.