कव्हर लेटरचा मधला परिच्छेद

नोकरीच्या अर्जासोबतचं पत्र, म्हणजे कव्हर लेटर, लिहायला बसलं की बहुतेकांचा सगळा जोर पहिल्या ओळीवर जातो. सुरुवात झोकात व्हायला हवी म्हणून ती पुन्हा पुन्हा खोडली जाते, आणि पत्राची खरी भिस्त ज्या मधल्या परिच्छेदावर असते तिथे ‘मी मेहनती व प्रामाणिक आहे’ असं लिहून मोकळं होतात. तुम्हाला बोलवायचं की नाही, हे मात्र त्या मधल्या परिच्छेदावर ठरतं.

तो लिहिण्याआधी जाहिरात नीट वाचायला हवी. ती वेगळ्या फाइलमध्ये कॉपी करा आणि त्यातली एकेक अपेक्षा अधोरेखित करत जा. सगळ्या सारख्या महत्त्वाच्या नसतात. जी गोष्ट पदाच्या नावात आहे, कामाच्या वर्णनात आहे आणि पात्रतेतही पुन्हा आली आहे, ती त्यांची खरी गरज. ‘उत्तम संवादकौशल्य’ जवळपास प्रत्येक जाहिरातीत असतं, त्याच्या मागे लागू नका. खऱ्या गरजांपैकी ज्यांच्यासाठी तुमच्याकडे दाखवण्यासारखं काम आहे अशा 2, फार तर 3 निवडा. पत्र तेवढ्यांबद्दलच. बाकीचं रेझ्युमेत आहेच, आणि रेझ्युमेच वाक्यांत मांडून दिला तर वाचणाऱ्याला नवीन काहीच मिळत नाही.

समजा जाहिरात अकाउंट्स विभागातली आहे आणि पुरवठादारांची बिलं वेळेत निघावीत यावर त्यांचा भर आहे. अशा ठिकाणी ‘मला बिलिंगचा दांडगा अनुभव असून मी दबावाखाली उत्तम काम करतो’ हे वाक्य कोणीही लिहू शकतं. त्याऐवजी हे पाहा: ‘सध्याच्या नोकरीत सुमारे 200 पुरवठादारांची बिलं माझ्याकडे आहेत. महिनाअखेरीचा हिशोब मिटवायला 9 दिवस लागत, कारण बिलांतल्या चुका शेवटच्या आठवड्यात सापडत. बिल आलं त्याच दिवशी पर्चेस ऑर्डरशी ताडून पाहायची पद्धत मी सुरू केली. आता तेच काम 4 दिवसांत होतं.’ कामाचा आवाका, अडचण, तिचं कारण, तुम्ही केलेली गोष्ट आणि पडलेला फरक, सगळं 4 वाक्यांत आलं. यातलं कारणाचं वाक्य सर्वांत मोलाचं. नुसता आकडा योगायोगानेही सुधारू शकतो, पण कारण सांगता आलं की काम तुम्हाला कळतं हे दिसतं.

आकडा हाताशी नसेल तर तो बनवू नका, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येऊ शकतो. किती माणसांसोबत काम होतं, ते रोजचं होतं की महिन्यातून एकदाचं, आधी काय होत नव्हतं आणि नंतर काय व्हायला लागलं, एवढ्यानेही चित्र उभं राहतं. आधीच्या कंपनीची उलाढाल, ग्राहकांची नावं अशा गोष्टी मात्र पत्रात नकोत. आपली माहितीही हा असाच बाहेर सांगेल, अशी शंका वाचणाऱ्याच्या मनात येते.

फ्रेशर्सनी प्रोजेक्ट किंवा इंटर्नशिपमधलं काम याच पद्धतीने लिहावं. तिथे ‘आम्ही’ फार येतं. ‘आम्ही अ‍ॅप तयार केलं’ यातून तुमचा वाटा कळत नाही. लॉगिनचा भाग तुम्ही लिहिला की टेस्टिंग केलं, ते सांगा.

सुरुवातीला 2 वाक्यं पुरतात: कोणत्या पदासाठी अर्ज आहे (जाहिरातीचा क्रमांक असेल तर तोही) आणि तुमची सर्वांत लागू पडणारी एक गोष्ट. तिथल्या कोणी तुम्हाला या जागेबद्दल सांगितलं असेल, तर त्यांना विचारून त्यांचं नाव इथेच द्या. पत्र कोणाला लिहायचं तेही जाहिरातीत किंवा कंपनीच्या वेबसाइटवर शोधा. नाव नाहीच मिळालं तर पदनाम लिहा.

‘हीच कंपनी का’ याचं उत्तर तपासायची सोपी रीत आहे. वाक्यातलं कंपनीचं नाव काढून तिच्या स्पर्धकाचं घाला. वाक्य तरीही जसंच्या तसं लागू पडत असेल, तर ते काढून टाका. ‘आपल्या नामांकित संस्थेत’ इथेच गळतं.

नोकरीत खंड असेल किंवा क्षेत्र बदलत असाल तर एका वाक्यात सरळ सांगा. माफी नको, लांबण नको. पत्रात उल्लेखच नसेल तर रेझ्युमेतली ती रिकामी वर्षं वाचणारा आपल्या मनाने भरतो. शेवटी नोटीस पिरियड किती आणि कधी रुजू होऊ शकाल ते द्या. पगाराची अपेक्षा विचारली असेल तरच लिहा, आणि विचारली असेल तर टाळू नका.

एकूण 250 ते 350 शब्द, एक पान, 11 पॉइंटचा साधा फॉन्ट. पान भरून वाहायला लागलं तर फॉन्ट बारीक करू नका, एक मुद्दा काढा.

पाठवताना होणाऱ्या चुका क्षुल्लक वाटतात, पण त्याच जास्त नडतात. जुनं पत्र वापरून नवं केलं असेल तर ‘फाइंड’मध्ये जुन्या कंपनीचं आणि जुन्या पदाचं नाव टाकून पाहा. वर्डची फाइल तशीच पाठवली तर कॉमेंट्स आणि खोडाखोड समोरच्याला दिसू शकते, म्हणून जाहिरातीत दुसरं काही सांगितलं नसेल तर पीडीएफच पाठवा, आणि फाइलला तुमचं नाव व पद द्या. एआयकडून मसुदा घेतला असेल तर प्रत्येक दावा रेझ्युमेशी ताडा. तुम्ही न केलेली कामंही त्यात बेमालूम घुसतात. ऑनलाइन फॉर्मच्या चौकटीत ठळक अक्षरं, बुलेट्स बहुधा टिकत नाहीत, तिथे साधे परिच्छेदच ठेवा. मेलने पाठवत असाल आणि वेगळी फाइल मागितली नसेल, तर पत्र मेलमध्येच लिहा आणि फक्त रेझ्युमे जोडा. सब्जेक्ट लाइनमध्ये पद, जाहिरात क्रमांक आणि तुमचं नाव.

अंतिम तारीख उलटून 7-10 दिवसांत काही कळलं नाही, आणि जाहिरातीत ‘संपर्क करू नये’ असं म्हटलेलं नसेल, तर त्याच मेलच्या धाग्यात 2 ओळींत विचारणा करा. नवा मेल टाकला की आधीचा अर्ज शोधायचं काम त्यांच्यावर पडतं.