‘तुमच्या हाताला यश नाही’

‘तुम्ही लोकांसाठी पुष्कळ करता, पण तुमच्या हाताला यश नाही.’ पत्रिका किंवा हात पाहणाऱ्याच्या तोंडून हे वाक्य न ऐकलेले घर आपल्याकडे शोधूनच काढावे लागेल. एकत्र कुटुंबात राबणारी थोरली सून, साहेबांच्या वाटणीचेही काम उपसणारा कारकून आणि धाकट्यांच्या शिक्षणापायी स्वतः मागे राहिलेला भाऊ असे तिघेही ते ऐकून सारख्याच खात्रीने मान डोलावतात आणि ‘यांना हे कसे कळले?’ असे नवल करत घरी परततात. केलेल्या कष्टांचे पुरेपूर श्रेय मिळाले, असे म्हणणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

या नवलाचा मागोवा बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने घेतला. त्याने आपल्या ३९ विद्यार्थ्यांकडून एक व्यक्तिमत्त्व चाचणी सोडवून घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाच्या हाती त्याचे नाव घातलेले स्वभाववर्णन दिले. ते कितपत जुळते याला पाचपैकी गुण द्यायला सांगितल्यावर सरासरी ४.२६ आली. मग उलगडा झाला की सर्वांना शब्दशः एकच वर्णन मिळाले होते आणि त्यातली वाक्ये फोररने रस्त्यावरच्या विक्रेत्याकडच्या एका ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगातील वाक्ये आजही वाचण्याजोगी आहेत. इतरांना आपण आवडावे अशी तुमची तीव्र इच्छा असते. तुमच्यातील बरीच क्षमता अजून वापरात आलेली नाही. कधी तुम्ही मनमोकळे व बोलके असता, तर कधी अबोल आणि सावध. शेवटच्या वाक्यात तर दोन्ही टोके सामावलेली असल्यामुळे ते कोणालाच नाकारता येत नाही.

फ्रान्समध्ये मिशेल गोकेलँ या मानसशास्त्रज्ञाने याहून भेदक प्रकार केला. मोफत भविष्याची जाहिरात देऊन त्याने मागणी करणाऱ्या सर्वांना एकच भविष्य पाठवले आणि उत्तर देणाऱ्यांपैकी ९४ टक्के लोकांनी ते आपल्याला लागू पडत असल्याचे कळवले. ते मांडले होते मार्सेल पेतियो या डॉक्टरच्या जन्मवेळेवरून. याला २६ खुनांबद्दल दोषी ठरवून १९४६ साली गिलोटिनवर चढवण्यात आले होते.

असे प्रयोग वाचून लोकांच्या भोळेपणाला हसण्याचा मोह होतो, परंतु मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो. मोघम वाक्य ऐकताच आपण आपल्या आठवणींतून त्याला पुरावे पुरवू लागतो. जुळणारा प्रसंग चटकन आठवतो आणि न जुळणारा शोधण्याचे कारणच पडत नाही. अनोळख्याचे बोलणे समजून घेताना आपली बुद्धी रोज हेच करते. त्यात कोणीतरी अर्धा तास केवळ आपल्याविषयीच बोलत असते, आणि हे सुख घरात सहसा मिळत नाही. ज्योतिषाकडून येणारे समाधान खोटे नसते. त्याचा उगम तेवढा ग्रहांमध्ये नसतो.

म्हणूनच जयंत नारळीकर यांनी २००८ साली पुण्यात नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह घेतलेली चाचणी मला महत्त्वाची वाटते. तीत मोघम बोलायला जागाच ठेवली नव्हती. १०० हुशार आणि १०० बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पत्रिकांमधून प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका दिल्या गेल्या, आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातील मुलाची एवढेच सांगायचे होते. निकाल पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांचे सरासरी यश ४६ टक्के होते. नाणे उडवून ठरवले असते, तरी निम्मी उत्तरे बरोबर आली असती.

राशिभविष्याला नाक मुरडणारी मंडळी मात्र कार्यालयातल्या प्रशिक्षणात मिळालेला चार अक्षरी स्वभावप्रकार अभिमानाने मिरवतात. माणसांची १६ प्रकारांत वाटणी करणारी ही ‘मायर्स-ब्रिग्ज’ प्रश्नावली कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इसाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी तयार केली. दोघींपैकी कोणीही मानसशास्त्राचे औपचारिक शिक्षण घेतलेले नव्हते. काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरल्यावर बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो, तरीही नवे वर्णन पहिल्याइतकेच पटते. सोळापैकी एकाही प्रकारात माणूस आळशी, मत्सरी किंवा कंजूष निघत नाही, हे माझ्या मते तिच्या लोकप्रियतेचे मोठे कारण असावे. असा निकाल हाती आलाच, तर शीर्षक झाकून शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याचे वर्णन आधी वाचावे आणि ते स्वतःला किती लागू पडते याला पाचपैकी गुण द्यावेत; आपले वर्णन त्यानंतर उघडावे.