उताराचा सराव

मंगळवार, रात्री

आजचा सराव फक्त उताराचा. टेकडी चालत चढायची, माथ्यावर श्वास जागेवर येऊ द्यायचा आणि धावत खाली यायचं. मांड्या थरथरायला लागल्या की त्या दिवसापुरतं बस. बरोबरच्या काहींना हा वेळेचा अपव्यय वाटतो. डोंगरातली रेस म्हटली की डोळ्यांसमोर चढच येतो, कारण दम तिथे लागतो. पण माझं मत आता पक्कं झालंय: आमच्यासारख्या हौशी लोकांची रेस हातची जाते ती उतारावर.

उताराकडे दुर्लक्ष करायची सवय तशी जुनीच आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली डोंगरात लागणाऱ्या वेळेचा एक ठोकताळा दिला. दर तीन मैलांना एक तास आणि दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. उतरण्यासाठी वेगळं काहीच नाही. पुढे गिर्यारोहक एरिक लँगम्युअर यांनी त्यात भर घातली: सौम्य उतारावर दर ३०० मीटरला दहा मिनिटं कमी धरा, तीव्र उतारावर उलट दहा मिनिटं वाढवा. तो हिशेब चालणाऱ्यांसाठी होता, तरी ती ‘वाढवा’ची ओळ मला फार आवडते. उतार एका मर्यादेपलीकडे गेला की तो वेळ वाचवत नाही, खातो. आजही ट्रेल रेसची, म्हणजे डोंगरवाटांवरच्या रेसची, काठिण्यपातळी मोजताना दर १०० मीटर चढाईला अंतरात एक किलोमीटर जास्तीचा धरतात. येत्या रविवारी ३० किलोमीटर आणि १८०० मीटर चढाई आहे, म्हणजे त्या हिशेबाने ४८. उतरायचंही तितकंच आहे, पण ते कुठल्याच बेरजेत नाही.

गुरुवार

पाय मोकळे करण्यापुरतं धावणं. बाकी विश्रांती.

उतरताना शरीरात नेमकं काय होतं हे समजल्यापासून सरावाला अर्थ आला. दर पावलाला मांडीचा पुढचा स्नायू शरीराचं वजन झेलतो. त्या क्षणी तो लांबत असतो आणि त्याच वेळी जोरही लावत असतो. स्नायूतल्या तंतूंना बारीक इजा होते ती यामुळे. गंमत अशी, की श्वासाला हे काम अगदी हलकं वाटतं. संशोधक मिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली तिरक्या ट्रेडमिलवर मोजून दाखवलं, की सुमारे २० टक्के उतारावर धावायला सपाटीच्या जवळपास निम्मीच ऊर्जा लागते. म्हणून तर माणूस फसतो. दम लागत नाही, वेग सुखाचा वाटतो आणि मांड्यांची वसुली तासाभराने सुरू होते.

यावर उपाय आहे, आणि तो शरीराजवळच आहे. असा मार एकदा बेताने खाल्लेला स्नायू पुढच्या वेळी तेवढा दुखावत नाही, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. म्हणून मोठा, लांब उतार मी रेसच्या तीनेक आठवडे आधी उरकला. त्यानंतर दोन दिवस जिना उतरताना कठडा धरावा लागला, पण ते दुखणं कामाचं होतं. परवाचा सराव म्हणजे फक्त उजळणी.

रविवार, संध्याकाळ

रेस झाली. चढावर मी कुठेच धावलो नाही. हात गुडघ्यांवर, नजर पुढच्या चार पावलांवर, एका लयीत चालत राहिलो. बरेच जण पुढे गेले, जाऊ दिलं.

माथ्यावर बसून बूट पुन्हा बांधले. लेस सगळ्यात वरच्या भोकातून ओवून टाच आवळली, म्हणजे उतरताना पाय पुढे सरकत नाही आणि बोटं बुटाच्या नाकावर आपटत नाहीत. यात मिनिटभर जातं, पण नखं वाचतात.

पुढे घसारा. सुटी खडी, मध्येच पक्का कातळ, पुन्हा खडी. पुढचा माणूस मागे रेलून टाचा रोवत उतरत होता आणि दर पावलाला हातभर घसरत होता. भीती वाटली की शरीर आपोआप मागे झुकतं, आणि तिथेच पकड सुटते. मी कंबरेतून जरासा पुढे, हात दोन्ही बाजूंना मोकळे, पावलं तापल्या तव्यावर पडल्यासारखी आखूड आणि झटपट. एखादा दगड निसटला तरी तोवर वजन दुसऱ्या पायावर गेलेलं असतं. नजर पायांवर नाही, पाय तीन-चार पावलांनंतर जिथे पडणार तिथे. त्या वेळी डोक्यात दुसरं काहीही नसतं. मला डोंगर हवा असतो तो याचसाठी.

शेवटचा टप्पा सौम्य उताराचा, रुंद वाटेचा. इथे मांड्या शाबूत असतील तरच धावता येतं. माझ्या होत्या. चढावर पुढे गेलेले कितीतरी जण इथे चालताना भेटले, काही जण तर अंग तिरकं करून उतरत होते. प्रत्येकाला ‘थोडंच राहिलंय’ म्हणत पुढे निघालो.

मंगळवार

मांड्या जड आहेत, पण जिना कठडा न धरता उतरता येतोय. दुखणं टिपेला पोचतं ते याच सुमारास, त्यामुळे इतकंच असेल तर उत्तम. पोटऱ्या मात्र चांगल्याच बोलतायत. चढावर चालण्याचा सरावही वाढवायला हवा. हा आठवडा धावणं बंद. त्यानंतर ओल्या कातळावरचा उतार घ्यायचाय, आधी दिवसा आणि मग हेडलॅम्प लावून.