नेपियरला युरिया: कापणीमागे एक पोतं, तेही दोन हप्त्यांत

बेळगावकडच्या निपाणी-चिकोडी पट्ट्यात नेपियरला, म्हणजे वैरणीच्या हत्ती गवताला, युरिया पडतो तो बहुतेक उसाच्या हिशेबानं. एकदा दणकून, मग कित्येक महिने विसरून. पण ऊस वर्षातून एकदा तुटतो आणि वैरण पाणी असेल तर सहा-सात वेळा कापली जाते. दर कापणीला शेतातलं नत्र (नायट्रोजन) गोठ्यात जातं. म्हणून मात्रा नुसती एकरावर नाही, दर कापणीवर ठरवा.

आकडेच बघा. १ टन हिरव्या नेपियरमध्ये साधारण १८० किलो सुकी वैरण. तिच्यात पावणेनऊ टक्के प्रथिनं धरली तर नत्र १.४ टक्के, म्हणजे टनामागे अडीच किलो. एकरी १० टनांची एक कापणी २५ किलो नत्र उचलते. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात असतं २०.७ किलो, आणि तेही सगळं पिकाला लागत नाही. फरक शेणखतानं भरायचा. शेणखत बंद करून नुसत्या पोत्यांवर चालवलेलं नेपियर पुढं बारीक पडत जातं.

कापताना चार-पाच इंच ठोंब राखा. कापल्या कापल्या युरिया नको, पानं नसताना पीक तो उचलणार कशानं? पाणी द्या, आठ-दहा दिवसांत कोंब वर आले की वाफशावर (ओल आहे पण चिखल नाही तेव्हा) एकरी अर्धं पोतं, उरलेलं विसाव्या दिवसापर्यंत. गुंठ्याला एका हप्त्यात ५६० ग्रॅम. एक डबा मोजून ठेवला की अंदाजपंचे काम संपतं. पानं ओली असताना फेकू नका, करपतात. ठोंबाच्या बाजूला टाकून मातीआड करा आणि लगेच हलकं पाणी सोडा. मोटारीची लाईट रात्रीची असेल तर युरिया संध्याकाळीच टाका. ओलसर रानात उघडा राहिला तर तो अमोनिया होऊन उडतो, अथणी-रायबागच्या चुनखडीच्या काळ्या रानात जास्तच. उलट सरी तुंबवून पाणी दिलं तर तिथंही नत्र वाया जातं. खानापूरकडच्या पावसात ते धुपून जातं. तिकडं पावसाळ्यात तीन हप्ते करावेत.

आता दर्जा. युरियानं प्रथिनं वाढतात हे खरं, पण उशिरा कापलेल्या वैरणीला तो वाचवत नाही. ४५ दिवसांच्या आसपास कापा. सत्तर दिवसांवर गेलं की वजन भरतं, पण काडी निबर होते. प्रथिनं ७ टक्क्यांखाली गेली की पोटातल्या जंतूंनाच नत्र कमी पडतं आणि म्हैस खाणं कमी करते.

जास्त युरिया, वर पाण्याचा ताण किंवा ढगाळ हवा, आणि घाईची कापणी: वैरणीत जनावराला विषारी असं नायट्रेट साचायला एवढं पुरतं. ते बुडख्याकडं जास्त असतं. म्हणून शेवटच्या हप्त्यानंतर किमान तीन आठवडे कापू नका, संशय असेल तर बुडखा उंच राखून कापा. वाळवून नायट्रेट जात नाही. मुरघासात (हवाबंद दाबून आंबवलेल्या हिरव्या वैरणीत) बरंच कमी होतं. जनावराला धाप लागली आणि रक्त चॉकलेटी दिसलं तर डॉक्टरांना ताबडतोब बोलवा. मेथिलीन ब्लूचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर जनावर वाचू शकतं.

जुन्या पानांचा मधला भाग टोकाकडून पिवळा पडत आला तर नत्र कमी आहे. कडा करपत असतील तर पालाश (पोटॅश) कमी, तिथं युरिया वाढवून काही होणार नाही. कोवळी पानंच पिवळी असतील तर गंधक किंवा लोह कमी. गंधकासाठी एखाद्या हप्त्याला युरियाऐवजी अमोनियम सल्फेट टाका. त्यात नत्र २१ टक्क्यांच्या आसपासच असतं, तेव्हा वजन दुपटीहून थोडं जास्त धरा.